बाबांच्या नावाची टाकी

अम्मान, ७ एप्रिल १९९६

प्रिय गस्सान,

सलाम. तू, लमीस आणि मुलं सुखरूप असाल.

दर पत्रात तू विचारतोस, "घरात काही अडचण?" आणि मी दर वेळी "नाही" असं लिहिते. या वेळी आहे. न्हाणीघरातला शॉवर बंद पडला आहे. अगदी बंद नाही. चकतीची तीन भोकं अजून उघडी आहेत, पण त्यांतल्या दोहोंचं पाणी भिंतीवर जातं. आपल्या पाण्यातला क्षार तुला ठाऊक आहे, किटली दोन महिन्यांत आतून पांढरी होते. शॉवरचं तोंड काढून साफ करावं म्हणून फिरवायला गेले, तर ते जागचं हललं नाही. आट्यांमध्ये क्षार बसून ते नळीशी एकजीव झालं असावं.

एवढ्यासाठी पत्र कशाला, असं म्हणशील. माझा डावा हात जानेवारीपासून कानाच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात खांदा आखडला आहे, वर्षभरात सुटेल. आई होती तोवर डोक्यावरून पाणी ती ओतायची, न्हाणीतल्या स्टुलावर बसून, "खाली वाक गं उंटा" म्हणत. आता मी एका हाताने तांब्या ओतते आणि निम्मं पाणी पाठीऐवजी दारावर जातं.

आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मामा-काकांसमोर तू जे बोललास ते मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं आहे, म्हणजे माझ्याकडून त्यात काही भर पडू नये. "रुवैदाने आईचं वर्ष पुरं होईपर्यंत एकटीने राहून दाखवावं. परका पुरुष उंबऱ्याच्या आत येऊ नये, शेजाऱ्यांची तक्रार येऊ नये, घर धड राहावं. जमलं तर घर तिचं, तिने मरेपर्यंत राहावं. नाही जमलं तर घर विकायचं आणि तिने दोह्याला आमच्याकडे यायचं." मी हो म्हणाले होते. म्हणून न विचारता प्लंबर बोलावत नाही. जिन्याच्या तळाशी मुनीबचं दुकान आहे. खालच्या मजल्यावरची उम्म सफवान सोबतीला येऊन बसेल. काम अर्ध्या तासाचं आहे. बोलावू का?

तुझी,
रुवैदा

•

दोहा, १९ एप्रिल १९९६

प्रिय रुवैदा,

तुझं पत्र मी जेवताना वाचून दाखवलं. लमीसला ठसका लागला. चव्वेचाळीस वर्षं वय, ग्रंथालयशास्त्राची पदवी, चार भिंतींत एकटीने राहायची जिद्द, आणि आमची विदुषी अडली कुठे? शॉवरपाशी!

मुनीबचं नाव मात्र किती साधेपणाने लिहिलंस. अश्रफिया टेकडीवर नळवाल्यांची एवढी दुकानं, तुला नेमकं तेच दिसलं. तू विसरली असशील तर आठवण देतो. शहात्तर साली तो बापाला घेऊन आपल्या दिवाणखान्यात बसला होता, नखांत नळाच्या आट्यांना लावायचा सफेदा तसाच. बापाने रिवाजाप्रमाणे कॉफीचा पेला समोर ठेवला आणि म्हणाला, मुलीचा होकार मिळाल्याशिवाय पिणार नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मी म्हणालो, "राहू द्या मग. थंड झाली की आत नेऊ." दोघं उठून गेले. तू दाराआड होतीस, मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तू बोलली नाहीस, पण कॉलेजला गेलीस. शहाणी होतीस.

तेव्हा तो नको. कुणीच नको. काम सोपं आहे, तुझं तू कर. पिशवीत व्हिनेगर भर, शॉवरच्या तोंडाला बांध, रात्रभर राहू दे. सकाळी पाइप पान्याच्या जबड्याला फडकं गुंडाळून तोंड धर आणि घड्याळाच्या उलट फिरव. जोर लाव. तुझी सवय मला ठाऊक आहे, तू विचार करत उभी राहशील. विचाराने आटे सुटत नाहीत.

त्याआधी गच्चीवर जाऊन आपल्या टाकीचा कॉक बंद कर. टाकीवर बाबांचं नाव आहे. वाचता येणाऱ्या माणसाने चुकायचं कारण नाही.

इथे एकाने घराची चौकशी केली. मी म्हणालो, थांबा, बहीण राहते तिथे.

गस्सान

•

अम्मान, १५ मे १९९६

प्रिय गस्सान,

हे पत्र मी तीन वेळा लिहिलं. पहिल्यात मी स्वतःला फार दोष दिला होता, दुसऱ्यात तुला. आता जे घडलं ते घडलं तसं लिहिते.

व्हिनेगर तीन रात्री बांधलं. क्षार थोडा सुटला, तोंड हललं नाही. पाना उम्म सफवानकडून आणला. दिवस मंगळवारचा, म्हणजे कालचा, निवडला, कारण आपल्या टेकडीला पाणी मंगळवारी येतं. काही वाया गेलं तर त्याच दिवशी भरून निघेल असं वाटलं. टाक्या काठोकाठ भरेपर्यंत थांबले, मग गच्चीवर गेले. बाबांचं 'अबू गस्सान' हे नाव हिरव्या रंगात लिहिलेल्या टाकीचा कॉक बंद केला. दोनदा ओढून पाहिला. खाली येऊन न्हाणीतला नळ सोडून बघायला हवा होता, पाणी थांबलं का ते. ते मी केलं नाही. ही माझी चूक, आणि ती फक्त माझी.

उजव्या हाताने पाना धरला, तू लिहिलंस तसा जोर लावला. काही सरकलं. मला इतका आनंद झाला की मी आणखी जोर लावला. तोंड नळीवर फिरलं नव्हतं, नळीच भिंतीत फिरली होती. ती आत, फरशीच्या मागे, वळणाच्या कोपरावर तुटली.

पाणी भिंतीतून आलं. मी टॉवेल कोंबला, मग चादर, मग आईचा गाऊन. पुन्हा गच्चीवर धावले. कॉक बंदच होता. खाली आले तोवर उम्म सफवान दारात होती. तिच्या नळाला टिपूस नव्हता आणि छतातून धो धो पडत होतं. ते नेमकं तिच्या पोरीच्या लग्नासाठी भरून ठेवलेल्या लोकरीच्या रजयांवर.

ती म्हणाली, "अगं पोरी, वर जीव देत होतीस का? जीव दिला असतास तर बरं, रजया तरी कोरड्या राहिल्या असत्या!"

मी म्हणाले, "टाकी बंद आहे, खाला. मी स्वतः बंद केली."

"माझी केलीस! माझी! तुझी वाहतेय!"

मग तिनेच जिन्यावरून खाली हाक मारली, साऱ्या टेकडीला ऐकू जाईल अशी, "मुनीब! अरे वर ये, ही शिकलेली आम्हाला बुडवतेय!"

तो आला. मला विचारायला वेळ नव्हता, गस्सान. मी दार अडवून उभी राहिले असते तर पाणी थांबलं नसतं.

त्याने वर जाऊन दुसरी टाकी बंद केली. पाणी थांबलं. मग खाली येऊन म्हणाला, "सित्त रुवैदा, कुठली टाकी बंद केलीत?"

"बाबांची."

"ती बाबांची नाही, ह्यांची आहे. सत्त्याऐंशी साली पाण्याचा आठवड्याचा दौर लागला तेव्हा बदलल्या. ह्यांच्या कोपऱ्यातल्या टाकीला जोर नव्हता आणि घरात जुळी बाळं होती. तुमच्या बाबांनी आपली दिली."

"पण नाव बाबांचं आहे."

"नाव आहे. पाणी नाही."

उम्म सफवान म्हणाली, जिवंत माणसाचं नाव खोडणं वाईट म्हणून तेव्हा खोडलं नाही, आणि मेल्यावर कुणाचा हात होईना. आणि मग म्हणाली, "पण गस्सानला माहीत होतं की! सुट्टीवर आला होता ना तो. पाइप त्यानेच तर जोडले, बनियनवर. दोन मोठे पेले ताक प्यायला माझ्या हातचं."

मुनीबने तुटलेला तुकडा हातात घेतला. एका पान्याने नळी धरली, दुसऱ्याने तोंड, आणि चार मिनिटांत ते सुटलं. आत आट्यांवर क्षार जुन्या चुन्यासारखा बसला होता. तो म्हणाला, "एक पाना धरायला लागतो, एक फिरवायला. एकाच पान्याने भिंत तुटते." आज सकाळी येऊन त्याने भिंत फोडून नवा कोपर बसवला. उम्म सफवान पूर्ण वेळ स्टुलावर बसून होती आणि पूर्ण वेळ बोलत होती. मी कॉफी दिली. त्याने पेल्याकडे क्षणभर पाहिलं आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकली.

आता मला एक विचारायचं आहे, सरळ उत्तर दे. टाक्या बदलल्याचं तू विसरला होतास का?

हे लिहून पत्र बंद केलं होतं. पुन्हा उघडते आहे, कारण आज दुपारी मी माझ्या सत्त्याऐंशीच्या डायऱ्या काढल्या. सव्वीस जुलैच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: "बाबा आणि गस्सानने आज टाक्या बदलल्या. बाबांच्या नावाखाली आता सफवानकडचे पाणी पितील. बाबा त्यावर दिवसभर खूश." म्हणजे मलाही माहीत होतं. मी विसरले. हे तुला न कळवता वरचा प्रश्न विचारणं अप्रामाणिक ठरेल.

रुवैदा

•

दोहा, २६ मे १९९६

प्रिय रुवैदा,

ताजा कलम वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि अल्लाहचे आभार मानले. असा साक्षीदार कुणाला मिळतो? आरोप तूच केलास, पुरावा तूच शोधलास, शिक्षेची जागाही कोरी सोडून पत्र तिकीट लावून पाठवलंस. डायरी लिहिणाऱ्या बाईला माहीत नाही, आणि मी, नऊ वर्षांपूर्वी सुट्टीत दोन पाइप जोडलेला, मला लक्षात असायला हवं!

आता हिशेब सरळ आहे. परका पुरुष आत आला. एकदा नव्हे, दोनदा. शेजाऱ्यांची तक्रार आली. उम्म सफवानच्या नवऱ्याने मला इथे फोन केला, रजयांबद्दल. घर धड राहिलं नाही, भिंत फुटली. तीन अटी, तीनही दोन दिवसांत. मेहनती आहेस.

आणि त्या कॉफीबद्दल लिहायला तुला लाज वाटली नाही? उभ्याउभ्याच प्यायला! वीस वर्षांनी त्याला पेला मिळाला, त्याने विचार केला असेल, उशीर झाला पण गरम आहे.

चौकशी करणाऱ्या माणसाला मी होकार कळवला आहे. सप्टेंबरच्या एक तारखेला त्याला घर रिकामं हवं. तुझी पुस्तकं आणू नकोस, इथे जागा नाही. स्वयंपाकघरामागे खोली आहे, फिलिपिनी बाई राहायची ती. आता ती सोडून गेली, त्यामुळे लमीसलाही हाताखाली कुणी हवंच आहे. धाकट्यांचा अभ्यास तू घेशील. खिडकी नाही, पण इथे खिडकीतून येतं तरी काय, वाळूच. शॉवर आहे. चालू आहे.

दीमाची सोयरीक जमते आहे, घराणं मोठं आहे. मुलीची आत्या अम्मानमध्ये एकटी राहते आणि नळवाल्यांना घरात घेते, हे त्यांच्या कानावर जाण्याआधी तू इथे असलेली बरी.

रडून पत्र लिहू नकोस, शाई पसरते.

गस्सान

•

अम्मान, ८ जून १९९६

प्रिय गस्सान,

रडले नाही. शाई पाहून घे.

तुझं पत्र मंगळवारी आलं. बुधवारी मी मुनीबच्या दुकानात गेले. तो एका बाईला नळाचा वायसर दाखवत होता. ती जाईपर्यंत मी उभी राहिले. मग विचारलं, "मुनीब, शहात्तर सालची मागणी अजून आहे का?"

त्याने हात पुसले. बराच वेळ पुसले. त्याची बायको जाऊन तीन वर्षं झाली, दोन मुली आहेत, थोरली नर्सिंगला आहे. तो म्हणाला, "मी परत कधी घेतली, सित्त रुवैदा? कॉफी तुमच्याकडेच राहिली होती."

मी म्हणाले, "भाऊ हो म्हणणार नाही."

"तुम्ही म्हणताय ना?"

"मी म्हणतेय."

मी खोटं लिहीत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मागच्या पत्रात त्याचा तू उपयोगही केलास. तेव्हा हेही खरं मान. परवा मी वकिलाकडे जाऊन आले. माझं लग्न लावून देणारा वली तू आहेस, पण वलीने सबळ कारणाशिवाय नकार दिला तर काझी स्वतः वली होऊ शकतो. "मुलाच्या नखांत सफेदा होता" हे सबळ कारण नाही, असं वकील म्हणाले, म्हणताना हसले. घराच्या तीन हिश्श्यांपैकी एक माझा आहे. मी नवऱ्यासकट इथे राहिले तर तुझं गिऱ्हाईक दोन हिश्श्यांत काय घेणार, आमची न्हाणी?

आणि लग्नाची पत्रिका दोह्याला, दीमाच्या होणाऱ्या सासरी, मी रीतीने पाठवीन. आत्याचं लग्न आहे, त्यांना बोलावलं नाही असं व्हायला नको. नवरदेवाचा व्यवसाय पत्रिकेत छापायची पद्धत नाही. मी शाईने लिहीन.

हे वाक्य लिहिताना मला बरं वाटलं. ते का वाटलं याचा विचार मी नंतर करणार आहे.

रुवैदा

•

दोहा, १७ जून १९९६

रुवैदा,

ऑफिसातला माणूस उद्याच्या विमानाने अम्मानला येतो आहे, त्याच्या हाती हे पाठवतो. टपालावर विश्वास नाही आणि तुझ्यावर त्याहून नाही.

पहिल्या दिवशी तुझं पत्र फाडलं. मग लमीसने तुकडे जुळवले, कारण तिला शेवट वाचायचा होता. तीही दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तिच्या मते हे सगळं माझ्यामुळे झालं. बायका एकमेकींना कधी आवडू लागतील सांगता येत नाही.

शिव्या लिहिणार नाही. तुला हव्या होत्या, म्हणून देणार नाही. सौदा करू.

सोबतच्या पाकिटात कागद आहे. घरातले माझे दोन्ही हिस्से मी तुझ्या नावावर सोडले आहेत, वकिलातीचा शिक्का आहे. गिऱ्हाइकाला नकार कळवला. घर तुझं. वर्ष नाही, अट नाही, मरेपर्यंत राहा, मेल्यावर पुस्तकांना दे. पाकीट माझ्या माणसाकडे आहे. तू त्याच्या हातात दोन ओळी लिहून द्यायच्यास, 'मुनीबशी लग्न करणार नाही.' मग तो पाकीट देईल. दोनपैकी एक घे. घर किंवा नळवाला.

तू घर घेशील. तू नेहमी तेच मागत आलीस. त्याला तू वीस वर्षांत एकदाही दुकानात जाऊन भेटली नाहीस, घर जायची वेळ आली तेव्हा भेटलीस. हे तू मला लिहिलं नाहीस, पण तारखा तूच लिहितेस.

आणि एक. त्याला हे तू स्वतः सांगायचंस. चिठ्ठीने नाही, उम्म सफवानच्या तोंडून नाही. दिवाणखान्यात बसवून, कॉफी समोर ठेवून. आणि तो काय म्हणाला ते मला जसंच्या तसं कळवायचंस. तुझ्याइतकं जसंच्या तसं कोण कळवणार?

तू सरळ उत्तर मागितलं होतंस. हो. टाक्या बदललेल्या मला आठवत होत्या. तू खाली येऊन नळ सोडून बघशील असं वाटलं होतं, आणि बघणार नाहीस अशी आशाही होती. आता आपण दोघं बरोबरीचे आहोत म्हणून सांगितलं. आधी सांगण्यात अर्थ नव्हता.

गस्सान

•

अम्मान, ४ जुलै १९९६

गस्सान,

पाकीट मिळालं. दोन ओळी तुझ्या माणसाला लिहून दिल्या. तो दारातच उभा राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही. तूच बजावलं असशील.

मुनीबला सांगायला मी नऊ दिवस लावले. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज काही कारण निघायचं. कारणं मी लिहून ठेवली आहेत. त्यांत एकही खरं नाही. काल त्याला बोलावलं. तो इस्त्रीचा सदरा घालून आला, कनाफ्याच्या मिठाईचं ताट घेऊन. उम्म सफवान जिन्यात उभी राहून म्हणाली, "ये रे नवरदेवा, या वेळी पाना नाही आणलास?" तो हसला. आत येऊन बाबांच्या खुर्चीत नाही, शेजारच्या खुर्चीत बसला. पाठ टेकली नाही.

मी कॉफी ठेवली. त्याने पेला उचलला. मला वाटलं, त्याने पिऊन संपवल्यावर सांगावं. मग वाटलं, ते जास्त वाईट. म्हणून म्हणाले, "मुनीब, थांबा. हे होणार नाही."

त्याने पेला खाली ठेवला. काही विचारलं नाही. मला वाटतं तो 'का' म्हणेल यासाठी मी तयारी केली होती, आणि तो म्हणालाच नाही म्हणून मीच सगळं सांगत सुटले. कागद, तुझी अट, दोन ओळी. मी म्हणाले, घर नसतं तर मला दोह्यात स्वयंपाकघरामागे राहावं लागलं असतं. मी म्हणाले, तुम्हाला कळेल. 'तुम्हाला कळेल' असं मी दोनदा म्हणाले.

तो म्हणाला, "कागद मिळाला का पण? शिक्का आहे ना त्याच्यावर?"

"आहे."

"वकिलाला दाखवलात?"

"दाखवला."

"मग झालं." पुढे म्हणाला, "सित्त रुवैदा, तुम्ही दुकानात आलात ना त्या दिवशी, तेव्हाच सांगायचं होतंत. भावाला भिववायला एक माणूस हवाय म्हणून. मी झालो असतो की. सगळ्या टेकडीला सांगत फिरलो असतो, ढोल लावून. त्यात काय? शेजारधर्म आहे."

मी कनाफ्याचं ताट बाजूला सरकवलं.

"फक्त मुलींना सांगितलं नसतं," तो म्हणाला. "धाकटी रोज विचारते, त्यांना हाक काय मारायची."

मग उठला. दाराशी थांबून म्हणाला, "ताट नंतर पाठवा, घाई नाही," आणि जिना उतरून गेला. उम्म सफवानने त्याला काहीतरी विचारलं, तो म्हणाला, "मी म्हातारा झालो खाला, मलाच नको वाटलं." ते मी दाराआडून ऐकलं. तेवढंही त्याने माझ्यासाठी केलं.

तुला जसंच्या तसं हवं होतं. हे जसंच्या तसं आहे.

दुकानात गेले तेव्हा मला तो हवा होता की तुला घाबरवणं, हे मी रोज स्वतःला विचारते. प्रामाणिक उत्तर असं की मला कळत नाही, आणि कळत नाही हे म्हणणं मला फार सोयीचं पडतं आहे. घर माझं आहे. कालपासून मी त्यात जेवलेली नाही. म्हणून तुला एक विचारते, आणि टोमणा म्हणून विचारत नाही, मला खरोखर माहिती हवी आहे. शहात्तर साली त्या दोघांना उठवून लावल्यावर तुला जेवण जात होतं का? नसेल, तर किती दिवस?

रुवैदा

•

दोहा, १५ जुलै १९९६

प्रिय रुवैदा,

तीन दिवस. चौथ्या दिवशी आईने मुलुखियाची भाजी केली होती, कोंबडी घालून. मी दोनदा वाढून घेतली.

गस्सान